विजेची मोटार आणि तिचा रात्रीचा मुक्काम

विजेवर चालणारी मोटार ही कांहीं आजची नवलाई नव्हे. ताशीं शंभर किलोमीटरांची मर्यादा मोटारीनें प्रथम ओलांडली ती १८९९ सालीं, फ्रान्समध्यें; आणि हा पराक्रम पेट्रोलच्या गाडीचा नव्हता, तर कामीय झेनात्सी या बेल्जियन गृहस्थानें हांकलेल्या विजेच्या गाडीचा होता. त्या काळीं पेट्रोलचें एंजिन सुरू करण्यासाठीं पुढचा दांडा हातानें फिरवावा लागे, आणि तो उलटला तर मनगट मोडण्याची वेळ येई. विजेची गाडी मात्र कळ फिरवितांच मुकाट्यानें चालूं लागे. पुढें १९१२ सालीं कॅडिलॅक गाडींत विजेच्या साह्यानें सुरू होणारें एंजिन आलें, पेट्रोल जागोजागीं मिळूं लागलें, आणि जड शिशाच्या बॅटऱ्या वाहणारी ही गाडी मागें पडली. तिचें नशीब पुन्हां उघडलें तें लिथियमच्या बॅटरीमुळें. ही बॅटरी १९९१ सालीं प्रथम बाजारांत विकली जाऊं लागली, आणि तिच्या जनकांपैकीं तिघांना २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. हिंदुस्थानांत बंगलोरची चिमुकली ‘रेवा’ २००१ सालीं रस्त्यावर आली; टाटांची ‘नेक्सॉन’ २०२० सालीं विजेवर धांवूं लागली; आणि आज हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरें मिरविणाऱ्या गाड्या पुण्यामुंबईच्या गल्लोगल्लीं दिसतात.

शेजारच्या घरीं अशी गाडी आली म्हणजे चौकस गृहस्थ तिच्याभोंवतीं जमतात, आणि बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात. एकदां भरली म्हणजे किती किलोमीटर जाते? वाटेंत वीज संपली तर काय? पावसाळ्यांत झटका तर बसणार नाहीं? बॅटरी किती वर्षें टिकते? हे सारे प्रश्न योग्यच आहेत, आणि त्यांचीं उत्तरेंही आहेत. परंतु जो प्रश्न सर्वांच्या आधीं विचारावयास हवा, तो सहसा कोणी विचारीत नाहीं. तो प्रश्न असा कीं, ही गाडी रात्रीं कोठें उभी राहणार? या एका प्रश्नाचें उत्तर चांगलें असेल तर बाकीच्या अडचणींतून वाट निघते. आणि तें उत्तर नसेल, तर गाडी कितीहि उत्तम असली तरी धनी सुखी होत नाहीं.

याचें कारण समजण्यासाठीं पाण्याचाच दाखला पुरेसा आहे. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या घरांत हंडा रिकामा झाला म्हणजे मनुष्य विहिरीकडे जातो. नळाच्या घरांत रात्रीं नळ आला कीं भांडीं भरून ठेवतात; हंडा पुरता रिकामा होईपर्यंत कोणी वाट पाहत नाहीं. पेट्रोलची गाडी विहिरीच्या पद्धतीनें चालते, विजेची गाडी नळाच्या पद्धतीनें. दिवसभरांत जेवढें खर्चिलें तेवढें रात्रीं निजतेवेळीं भरून ठेवावें आणि सकाळीं भरलेली गाडी बाहेर काढावी, हा तिचा स्वभाव आहे. ज्याच्या दारीं नळ नाहीं त्यानें नळाच्या पद्धतीनें राहण्याचा हट्ट धरला म्हणजे जी त्रेधा उडते, तीच घरीं चार्जिंगची सोय नसतां ही गाडी घेणाऱ्याची उडते.

आतां ही सोय कितीशी मोठी लागते, तें पाहावें. बॅटरीचें माप वीजबिलावरच्याच युनिटांत सांगतात. कुटुंबाच्या उपयोगाच्या मोटारींत साधारणपणें ३० ते ६० युनिटें मावतात, आणि एका युनिटांत अशी गाडी सहा ते आठ किलोमीटर जाते. घरांतील १५ अँपियरच्या मोठ्या प्लगमधून तासाला सुमारें तीन युनिटें गाडीला देतां येतात. म्हणजे रात्रीच्या आठ तासांत चोवीस युनिटें. त्यांतील कांहीं भाग उष्णतेच्या रूपानें वायां गेला तरी वीस-एकवीस युनिटें बॅटरींत पडतात, आणि तेवढ्यावर सव्वाशें ते दीडशें किलोमीटरांचा प्रवास होतो. शहरांतील नोकरदाराचें जाणें-येणें दिवसाला ४० किलोमीटर धरलें तर त्याला रोज सहा युनिटें पुरतात; तीं दोन-अडीच तासांत भरून होतात. भिंतीवरील सात किलोवॉटचा मोठा चार्जर काम लवकर उरकतो खरा. परंतु ज्याची गाडी रात्रभर उभीच असते, त्याची गरज साधा प्लगही बहुधा भागवितो.

मात्र हा साधा प्लग खरोखर निर्दोष असला पाहिजे. न्हाणीघरांतील मोठा गीझर जवळजवळ एवढीच वीज ओढतो, म्हणून कित्येकांना हें काम किरकोळ वाटतें. फरक असा कीं, गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो आणि गाडी तासन् तास वीज घेत राहते. ढिला प्लग किंवा जुनी बारीक तार पंधरा मिनिटें निभावते, तीच सहा तासांत तापून वितळूं लागते. म्हणून मीटरच्या फळीपासून प्लगपर्यंत पुरेशा जाडीची स्वतंत्र तार, तिच्यासाठीं वेगळा स्विच, गळतीचा प्रवाह जाणवतांच वीज तोडणारें उपकरण आणि पक्कें अर्थिंग या चार गोष्टी परवानाधारक वायरमनकडून करून घ्याव्या. जुन्या इमारतींत अर्थिंग नांवापुरतेंच असतें. तें सदोष असलें तर चार्जर बहुधा वीज घेण्याचें नाकारतो आणि तांबडा दिवा दाखवितो. तेव्हां मालक गाडीला दोष देतो, पण दोष भिंतींतला असतो. घरगुती एक्स्टेन्शनच्या वायरीनें गाडी चार्ज करणें तर सर्वस्वीं वर्ज्य समजावें.

बंगल्यांत राहणाऱ्याची गोष्ट येथें संपते. परंतु पुण्यामुंबईचा मध्यमवर्ग बंगल्यांत राहत नाहीं. तो सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतो, आणि त्याची गाडी तळमजल्यावरील खांबांत उभी असते. खरी अडचण या तीन-चार मजल्यांच्या अंतरांत आहे. गाडीची नोंदणी होते, पेढे वांटले जातात, आणि मग संस्थेच्या सभेंत प्रश्न निघतात: तार कोणाच्या भिंतीवरून जाणार? इमारतीच्या मंजूर भारांत हें बसेल काय? आग लागली तर जबाबदार कोण? आज एकाला परवानगी दिली, तर उद्यां वीस जण मागतील, त्यांचें काय? या शंका कुत्सितपणाच्या आहेत असें समजण्याचें कारण नाहीं. वीस गाड्या एकाच वेळीं चार्ज होऊं लागल्या तर साठ किलोवॉटांचा भार उभा राहतो, आणि जुन्या इमारतीची जोडणी तेवढ्यासाठीं केलेली नसते.

या बाबतींत कायदा रहिवाशाच्या बाजूला झुकत चालला आहे. केंद्र सरकारनें २०१९ सालीं आदर्श बांधकाम-उपविधींत दुरुस्ती करून, नव्या इमारतींतील वाहनतळाच्या २० टक्के जागेंत चार्जिंगची तरतूद असावी असें सुचविलें. २०२४ सालीं वीज-ग्राहकांच्या हक्कांचे नियम दुरुस्त करण्यांत आले, आणि गाडीच्या चार्जिंगसाठीं स्वतंत्र वीजजोडणी मागण्याची मुभा ग्राहकाला मिळाली. तथापि हातांत नियम घेऊन सभेंत भांडणारा सभासद जोडणी मिळवितो आणि शेजार गमावतो. त्यापेक्षां गाडी घेण्याच्या आधींच संस्थेकडे लेखी अर्ज करावा. वीज कंपनीकडून इमारतीच्या भाराची तपासणी करून घ्यावी. आणि प्रत्येकानें आपापली तार खिडकींतून खालीं सोडण्याऐवजीं, सर्वांसाठीं एकच जाड वाहिनी तळमजल्यावर आणून तिच्यावर वेगवेगळे मीटर बसवावे, असा प्रस्ताव मांडावा. त्यांत पहिल्या सभासदाचा खर्च कांहीं अधिक होईल, परंतु विसाव्या सभासदाशीं होणारा तंटा टळेल. भाड्याच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्याला तर घरमालक आणि संस्था अशा दोघांची संमति लागते. ज्याला गाडी उभी करण्याची स्वतःची जागाच नाहीं, जो रोज रात्रीं रस्त्याच्या कडेला मिळेल त्या ठिकाणीं गाडी ठेवतो, त्याच्या घरापर्यंत ही नवी सोय अद्याप पोंचलेली नाहीं, हें स्पष्टपणें सांगितलें पाहिजे.

मुक्कामाचा हा प्रश्न जमाखर्चालाही कसा जाऊन भिडतो, तें एका हिशेबावरून दिसून येईल. समजा, एका कुटुंबाची गाडी महिन्याला १,००० किलोमीटर चालते. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि पेट्रोलचा दर १०० रुपये आहे असें धरलें, तर महिन्याला सुमारें ६,७०० रुपये लागतील. तेवढ्याच अंतराला विजेची गाडी, वायां जाणारी वीज धरून, १६० युनिटें घेईल. घरीं युनिटाला १० रुपये पडले तर खर्च १,६०० रुपये. महिन्याची बचत ५,१०० रुपये, वर्षाची साठ हजारांहून किंचित् अधिक. विजेच्या गाडीला तीन लाख रुपये जास्त मोजावे लागले असतील, तर ते पांच वर्षांत भरून निघतात. आतां हीच गाडी घरीं सोय नाहीं म्हणून सदैव बाहेरच्या जलद केंद्रावर चार्ज केली, आणि तेथें युनिटाला २० रुपये पडले, तर वर्षाची बचत ४२,००० रुपयांवर येते आणि तीन लाख फिटावयास सात वर्षें लागतात. आणि जें कुटुंब महिन्याला अवघें ३०० किलोमीटर गाडी फिरवितें, त्याचें कर्ज घरच्या विजेवरसुद्धां सोळा वर्षांत फिटत नाहीं. सारांश, ही गाडी पुष्कळ चालविणाऱ्याला स्वस्त आणि शोभेसाठीं ठेवणाऱ्याला महाग आहे. प्रत्येकानें हा हिशेब आपल्या गांवच्या दरांनीं पुन्हां मांडावा.

या हिशेबांत दोन बारकावे लक्षांत ठेवावेत. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर हलका आणि ३०० च्या पुढील युनिटांचा भारी. घरच्याच मीटरवर गाडीचीं १६० युनिटें घातलीं, तर तीं वरच्या टप्प्यांत जाऊन बसतात. वाहनांच्या चार्जिंगसाठीं वेगळी दरश्रेणी असल्यामुळें, स्वतंत्र मीटर घेणें फायद्याचें आहे कीं नाहीं तें आपल्या जुन्या बिलांवरून पडताळून पाहावें. दुसरें असें कीं, सरकारी सवलतींवर सारा बेत उभारूं नये. महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या धोरणानें मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग, समृद्धि महामार्ग आणि अटल सेतु येथील टोल विजेच्या मोटारींना माफ केला. हा लाभ मिळेल तेवढा जरूर घ्यावा. परंतु सवलत ही धोरणाबरोबर येते आणि धोरणाबरोबर जाते. गाडी मात्र दहा वर्षें घरांत राहते.

आतां अंतराचा प्रश्न. कंपनी जो आंकडा जाहीर करते तो ठराविक चाचणींतला असतो. पहिल्या विजेच्या नेक्सॉनचें प्रमाणित अंतर ३१२ किलोमीटर होतें आणि बॅटरी ३०.२ युनिटांची, म्हणजे युनिटाला दहा किलोमीटरांहून अधिक. रोजच्या रस्त्यावर हा हिशेब जमत नाहीं. जाहीर आंकड्याच्या दोन-तृतीयांश अंतर हातीं धरून बेत आंखणारा मनुष्य सहसा फसत नाहीं. येथें पेट्रोलच्या संवयीच्या उलट अनुभव येतो: ही गाडी गर्दीच्या शहरांत काटकसरीनें चालते आणि मोकळ्या महामार्गावर उधळी होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ८० ऐवजीं १०० किलोमीटरांनीं गेल्यास तो दीडपटीहूनही अधिक होतो. उन्हाळ्यांत थंड हवेचें यंत्र तासाला एक-दोन युनिटें घेतें, मग गाडी धांवत असो वा कोंडींत उभी असो.

घाटाची भीति मात्र अनेकांना वाजवीपेक्षां जास्त वाटते. खोपोलीहून लोणावळ्यास चढतांना गाडी सुमारें साडेपांचशें मीटर वर जाते. माणसांसह अठराशें किलो वजनाची गाडी तेवढी उचलावयास सुमारें तीन युनिटें जास्त लागतात. म्हणजे सपाटीवरच्या वीस किलोमीटरांची शिदोरी घाटांत संपते. उतरतांना यांतील बराच भाग परत मिळतो, कारण पाय उचलतांच चाकें मोटर फिरवूं लागतात, मोटर जनित्र बनते आणि वीज उलट बॅटरींत जाते; ब्रेकही कमी झिजतात. परंतु बॅटरी कांठोकांठ भरलेली असेल तर परत येणाऱ्या विजेला जागाच नसते, आणि उतारावर गाडी धरून ठेवण्याचा सारा भार साध्या ब्रेकांवर पडतो. म्हणून लोणावळ्याला मुक्काम करून मुंबईकडे उतरणाऱ्यानें बॅटरी थोडी रिकामी ठेवूनच निघावें.

लांबच्या प्रवासांत जलद चार्जिंगचीं केंद्रें उपयोगी पडतात. तेथें बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत झपाट्यानें भरते आणि पुढें संथ होते, म्हणून शेवटच्या वीस टक्क्यांसाठीं ताटकळत बसण्यापेक्षां पुढच्या केंद्रापर्यंत जाणें शहाणपणाचें. बॅटरी २० टक्क्यांवर येण्याच्या आंत थांबण्याची योजना करावी, आणि प्रत्येक थांब्याला एक पर्यायी थांबा मनांत ठेवावा. कारण केंद्र नकाशावर असतें, तेव्हां तें चालू असतेंच असें नाहीं. लहान मुलें आणि वृद्ध बरोबर असतील तर हा नियम विशेष कटाक्षानें पाळावा.

पावसासंबंधीं एवढेंच सांगणें पुरे कीं, पावसांत गाडी चालविण्यास किंवा बाहेरच्या वापरासाठीं बनविलेल्या चार्जरनें ती चार्ज करण्यास धोका नाहीं. प्लग नीट बसून गाडी आणि चार्जर यांची परस्परांशीं खूण पटल्यावांचून प्रवाह सुरूच होत नाहीं. बॅटऱ्यांची पेटी बहुधा एक मीटर पाण्यांत अर्धा तास टिकेल अशा परीक्षेला उतरलेली असते. परंतु ही परीक्षा स्वच्छ, स्थिर पाण्यांतली आहे. जुलैंतील मुंबईच्या पुराचें पाणी तसें नसतें. तुंबलेल्या पाण्यांत गाडी घालूं नये. तळघरांत उभी असलेली गाडी बुडाली, तर पाणी ओसरल्यावर ती सुरू करूं नये आणि चार्जिंगलाही लावूं नये, कारागिराला बोलवावें. बंद पडलेली गाडी दोरी बांधून ओढून नेऊं नये, कारण चाकें फिरलीं म्हणजे मोटरही फिरते. ती सपाट मालवाहूवर चढवूनच न्यावी. आणखी एक लहान गोष्ट: मोठ्या बॅटरीखेरीज या गाडींत जुन्या धर्तीची १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाहीं.

बॅटरीच्या आयुष्याचे शत्रु दोन: उष्णता, आणि पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या अवस्थेंत दीर्घकाळ पडून राहणें. विदर्भाच्या उन्हांत गाडी सावलींत ठेवावी आणि फिरून आल्याबरोबर चार्जिंगला न लावतां जरा निवूं द्यावी. निकेलयुक्त बॅटरी रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरावी; लोह-फॉस्फेटची बॅटरी पूर्ण भरण्याचें वावडें धरीत नाहीं, उलट ती अधूनमधून पूर्ण भरावी असें बरेच कारखानदार सांगतात. आपल्या गाडींत कोणती आहे हें विकत घेतांनाच विचारून घ्यावें. आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी आज सर्रास मिळते. परंतु बॅटरीची धारणाशक्ति किती टक्क्यांखालीं गेली असतां ती हमी लागू होते, आणि दुसऱ्या मालकाकडे ती जाते कीं नाहीं, हीं दोन कलमें सही करण्यापूर्वीं वाचावीं. जुन्या गाडीची किंमत पुढें या कलमांवरच ठरते.

हांकणाऱ्याच्या दृष्टीनें ही गाडी सुखाची आहे. गिअर नाहीं, क्लच नाहीं, एंजिनचें तेल बदलणें नाहीं. परंतु ती जागची उडी मारते आणि आवाज करीत नाहीं, हे दोन गुणच दोष ठरूं शकतात. गल्लींत खेळणारें मूल किंवा काठी टेकीत जाणारे आजोबा यांना मागून आलेली गाडी ऐकूं येत नाहीं. पहिला महिनाभर तिला शहराच्या गर्दींत हळूच चालवावी आणि शांततेची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी.

गाडीला धूर नाहीं म्हणून देशाचाही धूर गेला, असें मात्र मानूं नये. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशावर होते. पुण्यांतील रस्त्यावरचा धूर कमी झाला तरी त्याचा कांहीं अंश चंद्रपूर आणि कोराडी येथील धुराड्यांतून निघतो. तरीही दवाखान्याच्या आणि शाळेच्या दारांतला धूर कमी होणें ही लहान गोष्ट नव्हे; आणि ज्या संस्थेच्या गच्चीवर सूर्यप्रकाशाच्या पट्ट्या आहेत, तिच्या सभासदाचा वांटा आणखी हलका होतो.

तेव्हां निर्णय कसा करावा? ज्याला रात्रीं गाडी ठेवण्याची पक्की जागा आहे, तेथें निर्दोष वीज आहे किंवा ती आणण्याची लेखी संमति मिळाली आहे, आणि ज्याचें रोजचें जाणें-येणें बरेंच आहे, त्यानें ही गाडी निःशंकपणें घ्यावी. तिचे बाकीचे सारे नियम महिनाभरांत अंगवळणीं पडतात. यांपैकीं पहिली गोष्ट ज्याच्यापाशीं नाहीं, त्यानें दुकानांत जाण्यापूर्वीं संस्थेच्या कचेरींत जावें. कदाचित् त्याच्या अर्जामुळें वीस घरांची सोय होईल. आणि मग वाहनतळावरील ती एक तार कोणा एकाच्या मालकीची न राहतां, जिन्यांतल्या दिव्यासारखी सर्वांची होईल.